रिअ‍ॅक्शन आली तर... अ‍ॅड्रेनॅलिन जीव कसा वाचवते?

"डॉक्टर, मला सुईची रिअ‍ॅक्शन येते." "मला कोळंबीचे वावडे आहे." "गांधीलमाशी चावली की माझे सगळे अंग उठते." अशी वाक्ये दवाखान्यात जवळजवळ रोज कानी पडतात. त्यांतील बहुतेक तक्रारी साध्या असतात. अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, घरातील वडीलधारी मंडळी आमसुलाचे पाणी लावतात, एखादी गोळी घेतली जाते आणि संध्याकाळपर्यंत सारे शांत होते. पण अशाच रुग्णांत अधूनमधून एखादा असा निघतो की, त्याच्या बाबतीत संध्याकाळची वाट पाहणे शक्य नसते. त्याच्या आयुष्याचा निकाल पहिल्या अर्ध्या तासातच लागतो. या तीव्र रिअ‍ॅक्शनला वैद्यकशास्त्रात अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. तिच्यावरचे पहिले आणि खरे औषध एकच, ते म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन. हे औषध शरीरात नेमके काय करते आणि ते मिळेपर्यंत आपण काय करावे, हे आजच्या लेखात पाहू.

वावडे म्हणजे काय?

आपल्या शरीराची एक संरक्षक यंत्रणा असते. बाहेरून आलेले जंतू ओळखायचे आणि त्यांचा नाश करायचा, हे तिचे काम. काही माणसांत मात्र ही यंत्रणा निरुपद्रवी पदार्थालाही शत्रू समजते. शेंगदाणा, अंडे, दूध, कोळंबी, खेकडा, मधमाशीचे वा गांधीलमाशीचे विष, पेनिसिलिनसारखे औषध, वेदनाशामक गोळी, यांपैकी काहीही या गैरसमजाला कारण होऊ शकते.

असा पदार्थ पहिल्यांदा शरीरात जातो, तेव्हा बहुधा वरवर काहीच घडत नाही. पण आत तयारी सुरू होते. त्या पदार्थाविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे तयार होतात आणि त्वचा, श्वासनलिका, आतडी व रक्तवाहिन्यांभोवती असलेल्या 'मास्ट' पेशींवर जाऊन चिकटतात. या पेशी म्हणजे दारूगोळ्याने भरलेली कोठारेच समजा. पुढच्या खेपेस तोच पदार्थ आला की तो थेट या प्रतिपिंडांना जाऊन भिडतो, कोठारे एकदम फुटतात आणि हिस्टामिनसारखी अनेक द्रव्ये काही क्षणांत रक्तात मिसळतात.

म्हणूनच "मागच्या वेळी हेच इंजेक्शन घेतले होते, तेव्हा काही झाले नव्हते" या बोलण्यात फारसा अर्थ नसतो. कित्येकदा त्या मागच्या वेळीच तयारी झालेली असते. काही औषधे तर प्रतिपिंडांशिवाय थेट मास्ट पेशींनाच चेतवतात. अशा वेळी पहिल्याच डोसाला रिअ‍ॅक्शन येऊ शकते. मात्र परिणाम आणि उपचार दोन्ही प्रकारांत सारखेच.

शोधाची थोडी हकिकत

या प्रकाराला नाव मिळाले ते फ्रान्समध्ये. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन शास्त्रज्ञ समुद्रातील प्राण्यांच्या विषाचा अभ्यास करीत होते. थोडे थोडे विष टोचून कुत्र्यांना त्या विषाची सवय करावी, म्हणजे पुढे मोठा डोसही बाधणार नाही, असा त्यांचा हेतू होता. घडले मात्र उलटेच. पहिला डोस सहज पचवलेल्या एका धडधाकट कुत्र्याला सुमारे तीन आठवड्यांनी थोडेसेच विष पुन्हा दिले, तर त्याला धाप लागली, उलट्या झाल्या आणि अर्ध्या तासाच्या आत ते मेले. 'प्रोफिलॅक्सिस' म्हणजे संरक्षण. त्याच्या नेमके विरुद्ध ते 'अ‍ॅनाफिलॅक्सिस'. हे नाव १९०२ साली जगापुढे आले आणि या संशोधनाबद्दल रिशे यांना १९१३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

औषधाचा इतिहासही त्याच काळातला. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तिच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने वाढतो, हे ऑलिव्हर व शेफर या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९४ साली दाखवले. पुढे १९०१ च्या सुमारास जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत त्या अर्कातून शुद्ध अ‍ॅड्रेनॅलिन वेगळे केले. योगायोग असा की, वर सांगितलेली आयजीई प्रतिपिंडे १९६६ साली शोधून काढली तीही अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी दांपत्यानेच. त्याच सुमारास स्वीडनमधील शास्त्रज्ञही स्वतंत्रपणे त्याच शोधापर्यंत पोहोचले होते.

म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन हे काही परके रसायन नव्हे. कुत्रा अंगावर धावून आला की आपली छाती धडधडते, हातपाय थरथरतात, ते याच द्रव्यामुळे. संकटकाळी शरीर स्वतःच ते तयार करते. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये मात्र शरीराचा हा साठा अपुरा पडतो आणि तो बाहेरून द्यावा लागतो.

शरीरात नेमके काय बिघडते?

शेतकरी वाचकांना हे लवकर समजेल. हृदय ही मोटर, रक्तवाहिन्या ही पाइपलाइन आणि रक्त हे पाणी. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये पाइप एकदम ढिले पडून फुगतात, शिवाय त्यांना जागोजागी गळती लागते. रक्तातील द्रव आजूबाजूच्या मांसात झिरपतो. दहा मिनिटांत रक्तातील द्रवाचा सुमारे एक-तृतीयांश भाग असा बाहेर जाऊ शकतो. मोटर चालू असते, पण तिच्याकडे पाणीच येत नाही. रक्तदाब कोसळतो, नाडी जलद व क्षीण लागते, मेंदूला रक्त कमी पडून माणूस कोसळतो.

त्याच वेळी दुसरे संकट श्वासावर येते. घशाला, जिभेला, स्वरयंत्राला सूज येते. फुफ्फुसातील बारीक श्वासनलिका दम्यासारख्या आवळल्या जातात. हवा आत जाणे आणि बाहेर येणे, दोन्ही अवघड होते. मृत्यू येतो तो या दोन वाटांनी, श्वास कोंडून किंवा रक्तदाब कोसळून. अंगावरच्या गांधींनी कोणी मरत नाही. हे नीट लक्षात ठेवावे, कारण उपचाराचा सारा विचार यावरच उभा आहे.

ओळखायचे कसे?

संशयित पदार्थ पोटात गेल्यावर, इंजेक्शन घेतल्यावर किंवा माशी चावल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांच्या आत पुढील लक्षणे दिसू लागली तर सावध व्हावे.

१) त्वचा : सर्वांगाला खाज, गांधी, अंग लालबुंद होणे, ओठ व डोळ्यांच्या पापण्या सुजणे.

२) श्वास : घसा आवळल्यासारखा वाटणे, आवाज घोगरा होणे, सतत खोकला, छातीत घरघर, धाप.

३) रक्ताभिसरण : चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, घाम, नाडी जलद व क्षीण, शुद्ध हरपणे.

४) पोट : जोराची कळ, वारंवार उलट्या, जुलाब.

यांपैकी त्वचेची लक्षणे आणि त्यांच्या जोडीला बाकीच्या तीनपैकी एक जरी असेल, तरी ती तीव्र रिअ‍ॅक्शन समजावी. मात्र काही रुग्णांत अंगावर एकही गांधी उठत नाही, माणूस थेट कोसळतो किंवा त्याचा श्वासच अडकतो. म्हणून वावड्याचा पदार्थ पोटात गेल्याचे ठाऊक असेल किंवा माशी नुकतीच चावलेली असेल आणि श्वास वा रक्तदाब बिघडत असेल, तर पुरळाची वाट पाहू नये. अनेक रुग्ण सुरुवातीलाच "मला कसेतरीच होतेय, मी आता वाचत नाही" असे म्हणतात. हे बोलणे भित्रेपणाचे समजून उडवून लावू नये. ते एक लक्षणच आहे.

इंजेक्शनच्या भीतीने येणारी घेरी वेगळी. त्यात माणूस पांढराफटक पडतो, नाडी मंद होते, पण गांधी, सूज, घरघर यांपैकी काही नसते. आडवे झोपवले की मिनिट-दोन मिनिटांत तो भानावर येतो.

एक औषध, चार कामे

आता मुख्य मुद्दा. अ‍ॅड्रेनॅलिन टोचल्यावर काय होते?

पहिले काम, ढिल्या पडलेल्या रक्तवाहिन्या ते आवळते. गळती कमी होते, रक्तदाब सावरतो आणि घशाची सूजही उतरू लागते. दुसरे काम, हृदयाचे ठोके वाढवून त्याला जोर देते. तिसरे काम, आवळलेल्या श्वासनलिका सैल करते, त्यामुळे घरघर कमी होते. आणि चौथे काम सर्वांत मोलाचे. मास्ट पेशींची कोठारे फुटत जाण्याची जी माळ लागलेली असते, तीच ते रोखते. म्हणजे लागलेली आग विझवणे आणि पुढची ठिणगी पडू न देणे, ही दोन्ही कामे एकाच औषधात आहेत. दुसऱ्या कोणत्याही औषधात ही चारही कामे एकत्र नाहीत.

याचा परिणाम काही मिनिटांत दिसतो, पण तो फार वेळ टिकत नाही. शरीर हे द्रव्य लवकर मोडून टाकते. म्हणून सुधारणा दिसली नाही किंवा लक्षणे परतली, तर पाच ते पंधरा मिनिटांनी दुसरा डोस द्यावा लागतो.

मांडीतच का?

मात्रा ठरलेली आहे. एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन असलेली अँप्यूल बाजारात मिळते. वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम हे प्रमाण. १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिलिलिटर, तर मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५ मिलिलिटर, म्हणजे अर्धी अँप्यूल. जागा मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूस, स्नायूत.

पूर्वी हे इंजेक्शन दंडावर कातडीखाली देण्याची पद्धत होती. पण अ‍ॅड्रेनॅलिन कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळून टाकते आणि स्वतःचीच वाट बंद करते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना दोन्ही पद्धतींनी औषध देऊन पाहिले. मांडीच्या स्नायूत दिलेल्या औषधाची रक्तातील सर्वोच्च पातळी सरासरी ८ मिनिटांत गाठली गेली, कातडीखाली दिलेल्या औषधाला ३४ मिनिटे लागली. जेथे एकेक मिनिट मोलाचे, तेथे हा फरक फार मोठा आहे. मांडीचा स्नायू मोठा, त्यात रक्तपुरवठा भरपूर आणि जागा चटकन सापडणारी. गरज पडली तर पायजम्यावरूनही सुई देता येते. मात्र इन्सुलिनची आखूड सुई मोठ्या माणसाच्या स्नायूपर्यंत पोहोचत नाही.

"अ‍ॅड्रेनॅलिनने हृदय बंद पडेल" ही भीती लोकांत आहे आणि, खरे सांगायचे तर, काही डॉक्टरांतही आहे. छातीत धडधड, हाताला कंप, डोके दुखणे, चेहरा फिकट पडणे हे परिणाम होतात आणि दहा-वीस मिनिटांत ओसरतात. खरा धोका असतो तो हेच औषध पातळ न करता एकदम शिरेत ढकलले तर. मांडीच्या स्नायूत, योग्य मात्रेत, ते सुरक्षित आहे. वृद्ध, गरोदर स्त्री, हृदयरोगी, कोणालाही जीवघेण्या रिअ‍ॅक्शनमध्ये ते नाकारावे असे कारण नाही. रक्तदाब कोसळलेलाच राहणे हे हृदयरोग्याला त्याहून कितीतरी घातक असते.

मग एव्हिल आणि स्टेरॉइड कशासाठी?

आपल्याकडे रिअ‍ॅक्शन म्हटली की एव्हिल आणि डेक्सामेथासोन ही जोडगोळी आधी आठवते. एव्हिलच्या जातीची औषधे फक्त हिस्टामिनचा परिणाम अडवतात. खाज व गांधी यांवर ती चांगली. पण कोसळलेला रक्तदाब ती वर आणत नाहीत, सुजलेला घसा मोकळा करीत नाहीत. शिवाय गुंगी आणतात, ती वेगळीच. स्टेरॉइडचा परिणाम सुरू व्हायलाच काही तास लागतात. ही औषधे वाईट नाहीत. त्यांची जागा अ‍ॅड्रेनॅलिननंतर आहे, अ‍ॅड्रेनॅलिनऐवजी नाही.

याचा एक चांगला पुरावा सर्पदंशाच्या उपचारातून मिळाला. सर्पविषावरील लस घोड्याच्या रक्तापासून बनवतात, त्यामुळे तिची रिअ‍ॅक्शन येणे नित्याचेच. श्रीलंकेत एक हजारावर सर्पदंश-रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. लशीपूर्वी अ‍ॅड्रेनॅलिनचा लहान डोस दिलेल्या रुग्णांत तीव्र रिअ‍ॅक्शनचे प्रमाण स्पष्टपणे घटले. हायड्रोकॉर्टिसोन आणि एव्हिलच्या जातीचेच प्रोमेथाझिन यांनी मात्र तसा फरक पडला नाही. यावरून सर्पदंशाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही एक सांगणे आहे. "लशीची रिअ‍ॅक्शन येते" म्हणून लस नाकारू नका. रिअ‍ॅक्शन आली तर लस तात्पुरती थांबवून अ‍ॅड्रेनॅलिन देतात आणि रुग्ण सावरला की लस पुन्हा सुरू करतात. लशीवाचून मात्र विष उतरत नाही.

विंचवाचे गणित उलटे

येथे एक खुलासा आवश्यक आहे. "माशी चावली तर अ‍ॅड्रेनॅलिन, मग विंचू चावला तर का नाही?" असे मला एका शिक्षकांनी विचारले होते. प्रश्न योग्य आहे. कोकणात व आपल्याकडे आढळणाऱ्या तांबड्या विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूरच येतो. रक्तवाहिन्या आधीच आवळलेल्या असतात, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी साठते. तेथे रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते. रायगड जिल्ह्यातील महाड येथे राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे दाखवून दिले आणि विंचुदंशाने होणारे असंख्य मृत्यू टळले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका आजारात पाइप ढिले पडलेले, दुसऱ्यात आवळलेले. म्हणून काय चावले हे डॉक्टरांना नेमके सांगणे महत्त्वाचे. मारलेला विंचू किंवा माशी सोबत आणली तरी चालेल, पण ती शोधण्यात वेळ घालवू नका.

आडवे झोपवा, उठवून बसवू नका

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात घडलेली गोष्ट. गोठ्याचे छप्पर शाकारताना एका तरुणाला तीन-चार गांधीलमाश्या चावल्या. पाच मिनिटांत अंग उठले, चक्कर आली. घरच्यांनी दंशावर लोखंड घासले, चुना लावला. तरी उतार पडेना, म्हणून दोघांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून, पाठीमागून घट्ट धरून दवाखान्याकडे आणले. अंतर अवघे सहा किलोमीटर. वाटेत त्याची मान लवंडली. माझ्याकडे पोहोचला तेव्हा नाडी नव्हती. अ‍ॅड्रेनॅलिन दिले, छातीदाब दिला, पण तो परत आला नाही. वय एकतीस. घरच्यांनी त्यांना सुचले ते सारे धावपळ करून केले. त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते की अशा माणसाला बसते करू नये.

यामागचे कारण वरच्या पाइपलाइनच्या दाखल्यात आहे. गळतीमुळे रक्त आधीच कमी झालेले. माणूस आडवा असेल तर उरलेले रक्त कसेबसे हृदयापर्यंत पोहोचते. त्याला उभे केले वा बसवले की ते पायांकडे उतरते, हृदय रिकामेच धडधडते आणि थांबते. ब्रिटनमधील अशा मृत्यूंचा जो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यातही उठून बसताच किंवा उभे राहताच दगावलेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत. त्याआधी २००० साली आलेल्या अभ्यासात वेळेचा हिशेब होता. रिअ‍ॅक्शन सुरू झाल्यापासून हृदय किंवा श्वास बंद पडेपर्यंतचा मध्यम काळ इंजेक्शनच्या औषधांत ५ मिनिटे, माशीच्या दंशात १५ मिनिटे आणि अन्नपदार्थांत ३० मिनिटे आढळला. आपल्या हाती किती वेळ असतो, हे यावरून कळावे.

तेव्हा पुढील क्रम पाठ करून ठेवा.

१) रुग्णाला जागच्या जागी सपाट आडवे करा आणि पाय उशीवर, पोत्यावर वा खुर्चीवर उंच ठेवा. फारच धाप असेल तर पाठीला टेकू देऊन, पाय लांब पसरून ठेवा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर ठेवा.

२) मधमाशीचा काटा कातडीत रुतून राहतो, तो नखाने खरवडून लगेच काढा. गांधीलमाशी काटा सोडत नाही. सलाईन वा इंजेक्शन चालू असेल तर ते थांबवायला सांगा.

३) १०८ क्रमांकावर फोन करा आणि "तीव्र रिअ‍ॅक्शन, श्वास लागतोय" असे स्पष्ट सांगा. जवळ डॉक्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर तेथेही कळवा. रुग्णाला हलवण्यापेक्षा इंजेक्शन रुग्णापर्यंत लवकर येत असेल तर तेच उत्तम.

४) न्यावेच लागले तर जीप, टेम्पो, ट्रॅक्टरची ट्रॉली, काहीही चालेल, पण आडवे न्या. मोटारसायकलवर नको.

५) तोंडाने पाणी, चहा, काढा देऊ नका. चालवत नेऊ नका. बरे वाटले म्हणून लगेच उठूही देऊ नका.

६) श्वास आणि हालचाल बंद पडली तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा.

बरे वाटल्यावर घाई नको

अ‍ॅड्रेनॅलिननंतर प्राणवायू, शिरेतून भरपूर सलाईन, श्वासनलिकांसाठी साल्ब्युटामॉलची वाफ हे उपचार चालू राहतात. अर्ध्या-पाऊण तासात रुग्ण हसू-बोलू लागतो आणि "आता घरी जातो" म्हणतो. डॉक्टरांनी थांबायला सांगितले की "बिल वाढवतात" अशी कुजबुज होते. पण काही रुग्णांत पहिली लाट ओसरल्यावर काही तासांनी, कोणतेही नवीन कारण न घडता, दुसरी लाट येते. म्हणून निदान काही तास, आणि रिअ‍ॅक्शन गंभीर असेल तर रात्रभर, इस्पितळात राहणे शहाणपणाचे.

एकदा होऊन गेलेल्यांसाठी

ज्याला एकदा अशी रिअ‍ॅक्शन आली, त्याला ती पुन्हा येऊ शकते. कारण काय ते शोधून कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद पाकिटात बाळगा. प्रत्येक डॉक्टरला, दातांच्या डॉक्टरलाही, तो दाखवा. एकच वेदनाशामक पाच-दहा वेगवेगळ्या नावांनी विकले जाते, म्हणून दुकानातून परस्पर गोळी घेऊ नका. दमा असणाऱ्यांत अशी रिअ‍ॅक्शन अधिक घातक ठरते, तेव्हा दम्याचे औषध नियमित घ्या. माशीच्या विषाची तीव्र रिअ‍ॅक्शन येणाऱ्यांना त्याच विषाचे वाढते सूक्ष्म डोस देऊन सवय लावण्याचा उपचारही आहे. त्यासाठी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

परदेशात असे रुग्ण अ‍ॅड्रेनॅलिनचे तयार पेन खिशात बाळगतात. मांडीवर दाबले की ठरलेली मात्रा आपोआप टोचली जाते. असे एक पेन अमेरिकेत १९८७ पासून वापरात आहे आणि २०२४ साली तेथे नाकात फवारायच्या अ‍ॅड्रेनॅलिनलाही मान्यता मिळाली. आपल्याकडे तालुक्याच्या औषध-दुकानात असे पेन सहज मिळत नाही. त्यामुळे फार धोक्यातील निवडक रुग्णांना मी अँप्यूल, सिरिंज आणि मात्रेची खूण असा संच देतो. रुग्णाकडून आणि घरातील दोघांकडून नुसत्या पाण्यावर सराव करून घेतो. हे डॉक्टरांच्या शिकवणीशिवाय कोणी करू नये. अँप्यूल उन्हापासून व उजेडापासून दूर ठेवावी. औषधाचा रंग तपकिरी झाला किंवा मुदत संपली, तर ती बदलावी.

वाचकांच्या काही शंका

टेस्ट डोस दिला म्हणजे धोका टळला का? नाही. टेस्ट निर्दोष असूनही पुढे रिअ‍ॅक्शन येऊ शकते आणि क्वचित टेस्टच्या थेंबानेही येते. खरी सुरक्षितता म्हणजे जवळ अ‍ॅड्रेनॅलिन असणे आणि इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबणे. लसीकरणानंतर अर्धा तास बसवून ठेवतात ते याचसाठी.

आग्या मोहोळ उठून शंभर माश्या चावल्या तर? तेथे वावडे नसले तरी विषाची मात्राच घातक असते. अंगावर काही दिसो न दिसो, इस्पितळ गाठावेच.

साध्या गांधींसाठी अ‍ॅड्रेनॅलिन घ्यावे का? केवळ खाज व पुरळ असेल, श्वास, रक्तदाब, पोट ठीक असेल, तर त्याची गरज नसते. मात्र रुग्णाजवळ कोणीतरी बसून लक्ष ठेवावे.

शेवटी एक विनंती. अ‍ॅड्रेनॅलिनची अँप्यूल अगदी स्वस्त आहे. तिला मोठे यंत्र लागत नाही की तज्ज्ञ लागत नाही. ती हाताशी असावी आणि देणाऱ्याचा हात कचरू नये, एवढेच लागते. आपण नेहमी ज्या दवाखान्यात जाता, तेथे पुढच्या वेळी सहज विचारा, "डॉक्टर, तुमच्याकडे अ‍ॅड्रेनॅलिन आहे ना?" यात डॉक्टरांचा अपमान नाही. मला कोणी असे विचारले तर मी कपाटाचा खण उघडून दाखवतो, आणि त्या निमित्ताने तिच्यावरची मुदतही एकदा पाहून घेतो.